दुर्बीण घेण्याआधी बाहुली मोजा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दिवसा पक्षी पाहायचे आणि अमावास्येला एखाद्या शेतात जाऊन तारे, अशा दुहेरी वापरासाठी दुर्बीण घ्यायची म्हटलं की सल्ला ठरलेला: ७×५० घ्या (७ पट वर्धन, म्हणजे दृश्य तेवढं मोठं दिसतं, आणि समोरच्या भिंगाचा व्यास ५० मिमी). विशीतल्या मुलाला तो चालतो. साठीच्या माणसाचे पैसे मात्र त्यात बहुधा वाया जातात, कारण वयानुसार डोळ्याची बाहुली (बुबुळाच्या मधलं काळं छिद्र) अंधारातही पुरती उघडेनाशी होते.

सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हात बाहुली २ ते ३ मिलिमीटर असते, मग वय काहीही असो. फरक पडतो तो अंधारात. तरुणपणी ती ७ मिमीपर्यंत, कधी त्याहूनही जास्त उघडते. साठीत साधारण ५, पुढे आणखी कमी. बाहुली मोठी करणारा स्नायू वयाबरोबर दुबळा होतो. पण एकाच वयाच्या दोघांत दीड-दोन मिमीचा फरक सहज असतो, म्हणून वयावरून अंदाज बांधू नका, मोजा.

जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. पोलादी पट्टी आणि ब्लेड वापरून ४, ५, ६ आणि ७ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. कात्रीने कडा वाकड्या होतात आणि अर्ध्या मिमीची चूक इथे महागात पडते. रस्त्यावरचे दिवे दिसणार नाहीत अशा जागी दहा मिनिटं थांबा, मोबाइल खिशात ठेवा. (बाहुली काही मिनिटांत उघडते. दृष्टिपटल अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, पण मोजण्यासाठी तेवढं थांबायची गरज नाही.) हिवाळ्यात रोहिणी, उन्हाळ्यात स्वाती असा ठळक तारा निवडा. एक डोळा मिटा, पट्टी उभी धरून उघड्या डोळ्यासमोर पापण्यांच्या केसांजवळ आणा आणि ताऱ्यावरून सावकाश आडवी सरकवा. पट्टी बाहुलीपेक्षा अरुंद असेल तर प्रकाश दोन्ही बाजूंनी आत शिरतो आणि तारा विझतच नाही. रुंद असेल तर तो मध्ये विझतो. ५ ला दिसत राहिला आणि ६ ला विझला, तर बाहुली या दोहोंच्या मध्ये. नजर ताऱ्यावरच हवी. पट्टीकडे पाहिलंत की जवळचं पाहताना बाहुली आकसते आणि माप कमी येतं. मोबाइलने फोटो काढून मोजायच्या फंदात पडू नका. त्याचा दिवा फोटोच्या आधीच पेटतो आणि बाहुली तेवढ्यात लहान होते.

आता हिशोब. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या रुंदीचा झोत दुर्बिणीतून डोळ्याकडे येतो. ७×५० चा ७.१ मिमी. बाहुली ५ मिमी असेल तर या भिंगातला मधला ३५ मिमीच कामाला येतो (७ × ५), म्हणजे निम्मा प्रकाश बुबुळावर आपटून वाया जातो आणि मोठ्या भिंगाचं ओझं तेवढं मानेला राहतं. याच डोळ्याला १०×५० चा सगळा प्रकाश मिळतो, तारेही जास्त सुटे दिसतात. फक्त हात थरथरत असेल तर तिपाई लागेल. पक्षी आणि तारे दोन्हीसाठी एकच घ्यायची तर ८×४२ बरी: झोत सव्वापाच मिमी, हातात स्थिर राहते. भर उन्हात ८×३० सुद्धा पुरते, कारण तेव्हा बाहुलीच लहान असते.

तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील त्या दिवशी मोजू नका. काचबिंदूच्या काही थेंबांनी ती उलट लहान राहते, मधुमेहातही कमी उघडू शकते. दोन बाहुल्यांत अर्धा-एक मिमीचा जुना फरक अनेकांत असतो. तो अचानक दिसला आणि सोबत डोकेदुखी असेल किंवा पापणी खाली आली असेल, तर तडक डॉक्टरांकडे जा.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा, सूर्याकडे कधीच नाही. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगात उजळ चकती दिसेल. पट्टीने मोजा: हिशोबापेक्षा लहान भरली तर आत कुठेतरी प्रकाश अडतोय. चकतीच्या कडा चौकोनी, करड्या दिसल्या तर आतले लोलक (प्रिझम) हलक्या दर्जाचे आहेत. चष्मा लावूनच पाहणार असाल, तर भिंगापासून डोळा किमान १५ मिमी दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं का, ते तिथेच पाहून घ्या.