शाळिग्राम हातात घेऊन भूविज्ञान सांगायचं असेल तर

नेपाळमधल्या मुक्तिनाथला निघालेल्या गटाबरोबर ‘वाटेत जरा दगडाधोंड्यांचं काही सांगाल का’ म्हणून तुम्हाला कुणी बोलावलं, तर होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. गटातल्या किती जणांच्या देवघरात शाळिग्राम आहे, आणि बोलायची वेळ सकाळची ठरली आहे की दुपारची. पहिल्यावरून तुमचा सूर ठरतो. दुसऱ्यावरून तुमचं बोलणं कुणाला ऐकू जाणार की नाही, ते ठरतं.

वेळेचं आधी सांगते, कारण आयोजक मंडळी नेमकी तिथेच घोळ घालतात. जोमसोम आणि कागबेनी काली गंडकीच्या पात्रालगत वसली आहेत. पहाटे तिथे पानही हलत नाही. दहा-अकरा वाजले की खालून, दक्षिणेकडून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत धूळ उडवत राहतो. उत्तरेकडचं तिबेटचं पठार उन्हाने तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा ओढली जाते. तिला वर यायला सोपी वाट एकच, ती म्हणजे ही घळ. एका अंगाला ८१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या अंगाला ८०९१ मीटरचं अन्नपूर्णा, आणि मधून नदी वाहते जेमतेम अडीच हजार मीटरवरून. पोखऱ्याहून जोमसोमला येणारी विमानं सकाळीच उडतात ती याच वाऱ्यामुळे. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर नदीकाठी व्याख्यान, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं दिसलं की खोडून टाका. माइक आणू म्हणतील, पण माइकमधूनही फक्त वाराच ऐकू येतो.

दुसरी चुकीची जागा म्हणजे मंदिराचं आवार. मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर आहे. राणीपौवा गावापासून पायऱ्या चढून आलेल्या माणसाला धाप लागलेली असते, आणि पुढे १०८ धारांखालचं बर्फासारखं पाणी दिसत असतं. त्याच्या डोक्यात त्या वेळी तुमचा ज्युरासिक काळ शिरत नाही, आणि शिरावा अशी अपेक्षाही करू नये. शिवाय ती जागा एकट्या आपली नाही. आपण ज्या मूर्तीला विष्णू म्हणून नमस्कार करतो, तिलाच बौद्ध मंडळी अवलोकितेश्वर मानतात. पूजाअर्चेत बौद्ध भिक्षुणींचाही हात असतो. तिथे खड्या आवाजात कुणी काही समजावत बसणं बरं दिसत नाही. मी देवळात गप्प बसते.

म्हणजे उरते आदल्या दिवशीची सकाळ आणि कागबेनीचं पात्र. काली गंडकीला झोंग खोला मिळते तो हा संगम. इथे श्राद्धविधी चालतात. ते ज्या बाजूला चालू असतील तिथून बऱ्यापैकी लांब थांबा आणि उन्हाकडे तोंड करून लोकांना बसवा. पाऊण तासाच्या वर बोलायचं नाही. पण बसवण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना पात्रात मोकळं सोडा आणि प्रत्येकाला एक काळा, गुळगुळीत, हाताला जड लागणारा गोटा शोधून आणायला सांगा. बहुतेकांच्या हाती साधे दगड येतात. बिघडत नाही. हातात दगड असलेला माणूस लक्ष देऊन ऐकतो.

बोलायची सुरुवात पुराणापासून करा. जालंधराची गोष्ट, वृंदेचा शाप, विष्णूचं शिळा होणं आणि वृंदेची तुळस होणं हे सगळ्यांना पाठ असतं. दरवर्षी कार्तिकात तुळशीचं लग्न लावणारी माणसं असतात ती. तुम्ही सांगायचंय ते याच परंपरेतलं, पण कमी जणांनी ऐकलेलं: शिळेतली चक्रं वज्रकीट नावाच्या जीवाने कोरली, असं सांगितलं जातं. म्हणजे या दगडाचा एका प्राण्याशी संबंध आहे, हे परंपरेनेही मानलंय. इथून समुद्राकडे वळलात की श्रोते सोबत येतात. ‘खरं तर हे नुसतं जीवाश्म आहे’ असं वाक्य उच्चारलंत, की पुढचा पाऊण तास वाया गेला म्हणून समजा. त्यातला ‘नुसतं’ हा शब्द मला भूविज्ञानाच्या बाजूनेसुद्धा पटत नाही.

आता एक फुटलेला शाळिग्राम हातात घ्या. राणीपौव्याच्या वाटेवर विक्रेते मांडून बसलेले असतात. त्यांच्याकडून दोन्ही अर्धुकं असलेला एक गोटा आधीच मागून ठेवा. मोदकाचा साचा उघडावा तसे त्याचे दोन भाग होतात: एकात शंखाची उठावदार आकृती, दुसऱ्यात तिचाच खोलगट ठसा. वेटोळ्यावरच्या आडव्या कंगोऱ्यांवरून प्रत्येकाला बोट फिरवू द्या. हा अमोनाइट. आपल्याकडे कोकणात खाल्ल्या जाणाऱ्या माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, लांबचा नातेवाईक. (देवघरवाल्या आजी समोर असतील तर माकुळाचा उल्लेख जरा जपून करावा.) शंखाच्या आत पडदे घालून कप्पे केलेले असतात. प्राणी राहायचा फक्त शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या कप्प्यात. मागच्या कप्प्यांमध्ये वायू भरलेला असे, त्याच्या जोरावर तो पाण्यात तरंगायचा.

तो मेल्यावर टेथिस समुद्राच्या, म्हणजे भारत आणि आशिया यांच्यामध्ये तेव्हा असलेल्या समुद्राच्या, तळाच्या काळ्या चिखलात रुतला. तळाशी प्राणवायू फार कमी होता, त्यामुळे तो लगेच कुजून नाहीसा झाला नाही. त्याच्याभोवती खनिजं साचत गेली आणि चिखल दबून त्याचा शेल, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक, होण्याआधीच एक टणक गाठ तयार झाली. शंख चपटा न होता फुगीर राहिला तो या गाठीमुळे. कधी कधी आत सोनेरी चमक दिसते. ते सोनं नव्हे, ते लोह आणि गंधकाचं खनिज, पायराइट. ज्या थरातून या गाठी येतात त्याला स्पिती शेल म्हणतात आणि तो मुख्यतः ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातला, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पुढे भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडला, समुद्र मिटला आणि त्याचा तळ उचलला गेला. नदी तो शेल पोखरते, गाठी सुटतात, घरंगळत गोल होतात. गाठीचं कवच जिथे झिजतं तिथे छिद्र पडतं, आणि आत चक्र दिसतं.

मराठी श्रोत्यांसाठी यात एक जोड हमखास द्यावी. आपला सह्याद्री लाव्ह्याचा. बेसाल्टमध्ये समुद्री शंख सापडायचे नाहीत, म्हणून असला दगड आपल्याला इतका नवलाचा वाटतो. कच्छमधल्या माणसाला तो तितका वाटणार नाही, कारण तिथे ज्युरासिक काळातले अमोनाइट भरपूर मिळतात. अमोनाइट पृथ्वीवरून संपले ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबर, आणि दख्खनचा लाव्हा वाहत होता तो त्याच सुमाराला. एवढं सांगून थोडं थांबा. इथे कुणी ना कुणी प्रश्न विचारतंच.

प्रश्नांत एक ठरलेला: अयोध्येला नेलेल्या शिळा इथल्याच का? २०२३ मध्ये नेलेल्या त्या मोठ्या शिळा काली गंडकीच्याच, पण पुष्कळ खालच्या, म्याग्दी जिल्ह्यातल्या. गाभाऱ्यात बसलेली मूर्ती मात्र कर्नाटकातल्या दगडाची आहे. दुसरा ठरलेला: खरा-खोटा ओळखायचा कसा? कोरीव नकली माल बाजारात असतो. भिंगातून बघा, खऱ्या शंखाचे कंगोरे वेटोळ्यागणिक मोठे होत जातात. कोरणाऱ्याचा हात बहुधा एकाच मापाचे काढतो. पण असा निवाडा विक्रेत्याच्या तोंडावर, चार गिऱ्हाइकांदेखत करू नका. त्याचं पोट आहे त्यावर. आणि पात्रातून उचललेले गोटे निघताना परत ठेवायला लावा. हा सगळा भाग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो आणि प्रवेशाला परवाना लागतो.

मुक्तिनाथच्या आवारातल्या ज्वालामाईच्या देवळाचं रात्री, हॉटेलच्या जेवणघरात सांगावं. खडकाखाली वाहत्या पाण्याशेजारी निळसर ज्योत जळते, ती जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूची. दुसऱ्या दिवशी ती वाकून बघावी लागते आणि मागे रांग असते, त्यामुळे माहिती आधी कानावर पडलेली बरी.

काठमांडूत नेपाळी श्रोत्यांपुढे बोलायची संधी आली तर पद्धत हीच, विषय वेगळा. काठमांडू खोऱ्यातल्या चोभारच्या घळीकडे चला. मंजुश्री या बोधिसत्त्वाने तलवारीने डोंगर कापला आणि खोऱ्यातलं सरोवर वाहून गेलं, ही कथा तिथे पोरासोरांना माहीत असते. तिथे सरोवर खरोखरच होतं. शहराखाली त्याचा गाळ काही ठिकाणी ५०० मीटरहून जाड आहे, आणि खोऱ्याचं पाणी बागमतीतून आजही चोभारच्या चुनखडकातल्या घळीवाटेच बाहेर पडतं. घळीच्या तोंडाशी जलविनायक आहे. गणपती म्हणून पुजतात तो एक भलाथोरला खडक. आपल्या लोकांना तिथून हलवणं कठीण जातं.

याच गाळामुळे २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात खोऱ्याची जमीन चार-पाच सेकंदांच्या संथ लाटांनी झुलली. त्याचा ताण उंच बांधकामांवर जास्त आला. काठमांडूतला धरहरा हा उंच मनोरा कोसळला. हे सांगताना समोर बसलेल्यांत कुणाचं माणूस गेलेलं असू शकतं, हे ध्यानात ठेवा. ढिगाऱ्यांचे फोटो पडद्यावर लावू नका, आलेख पुरतात. पुढचा कधी येणार, असं विचारतीलच. तारीख कुणालाच सांगता येत नाही, हे सरळ सांगून घरबांधणीकडे वळा.

तारखा विक्रम संवतातही लिहून न्या. २०१५ चा भूकंप त्यांच्या लेखी २०७२ च्या वैशाखातला, आणि १९३४ चा म्हणजे संवत १९९० चा, ‘नब्बे साल’चा. त्यांचे महिने संक्रांतीला बदलतात, त्यामुळे त्यांचा कार्तिक आणि आपला कार्तिक जुळेलच असं नाही. कार्यक्रम ठरवताना इंग्रजी तारीखही मागून घ्या. शनिवार तिथे सुट्टीचा दिवस, गर्दी हवी तर तोच धरा. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, मोबाइल जुळवून घेतो, मनगटावरचं घेत नाही. पहिली चार वाक्यं नेपाळीत पाठ करून बोला, मग हिंदीत बोललं तरी चालेल का, असं विचारा. न विचारता थेट हिंदी सुरू केलेली काहींना खटकते.

विमान वाऱ्यामुळे रद्द झालं आणि पोखऱ्यात दिवस मोकळा मिळाला, तर गटाला आंतरराष्ट्रीय पर्वत संग्रहालयात न्या. हिमालयाच्या घडणीची दालनं तिथे आहेत, जीवाश्मही आहेत, आणि छताखाली असल्यामुळे तिथे दुपारीसुद्धा बोलता येतं.