घरी डायलिसिस होणाऱ्या मुलांच्या पालकांचे प्रशिक्षण कसे करावे

मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलाचे पेरिटोनियल डायलिसिस (पोटात बसवलेल्या नळीने, म्हणजे कॅथेटरने, द्राव आत सोडून पोटातील आवरणातून रक्त गाळणे) घरी करता येते, आणि बालमूत्रपिंडतज्ज्ञ ज्यांच्या गावापासून तासन्‌तास दूर आहे अशा कुटुंबांसाठी तो फार मोठा आधार असतो. मात्र पोटातील आवरणाला होणारा जंतुसंसर्ग, म्हणजे पेरिटोनायटिस, वारंवार झाला तर त्या आवरणाची गाळण्याची क्षमता घटते, कधी कॅथेटर काढावे लागते आणि मुलाला हिमोडायलिसिसवर (यंत्राने रक्त गाळण्यावर) न्यावे लागते. म्हणून पालकांचे प्रशिक्षण हा उपचाराचाच भाग मानावा. घरी सोडण्याच्या दिवशी उरकून घ्यायचे काम म्हणून त्याकडे पाहू नये. कॅथेटर बसवल्यावर ते वापरात आणण्यापूर्वी शक्यतो दोन आठवडे थांबतात, तो काळ शिकवण्यासाठी उत्तम असतो.

बहुतेक ठिकाणी सारा भार आईवर पडतो. ती आजारी पडली तर काय, हा प्रश्न आधीच विचारून वडील, आजी किंवा काकू यांपैकी आणखी एका व्यक्तीला तितक्याच कसोशीने शिकवावे. एका वेळी एकच कुटुंब आणि शक्यतो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच परिचारिका असावी. वाचता न येणाऱ्या आजीसाठी प्रत्येक पायरीचे चित्र भिंतीवर लावावे.

सर्वांत जास्त वेळ हात धुण्याला द्यावा. अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढून, नखे कापलेली असताना, साबणाने बोटांच्या फटी आणि अंगठ्याचे मूळ घासावे. नंतर हात स्वच्छ कागदी टॉवेलने पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या हातांवरून जंतू अधिक सहज पसरतात. पदराला किंवा घरातल्या टॉवेलला हात पुसण्याची सवय इथेच मोडावी लागते. धुतलेल्या हाताने मोबाइल उचलला, तर हात पुन्हा धुवावेत. डायलिसिसच्या द्रावाची पिशवी बदलताना पंखा व कूलर बंद, खिडक्या मिटलेल्या, पाळीव प्राणी बाहेर आणि जवळच्या सर्वांच्या तोंडावर मास्क असावा. पिशवी गरम पाण्यात बुडवून तापवू नये. कोरड्या उष्णतेनेच कोमट करावी.

जोडणीच्या वेळी नळीचे उघडे टोक कशालाही लागता कामा नये, हे सर्वांना पाठ असते. लागलेच तर काय करायचे, ते मात्र अनेकांना सांगता येत नाही. म्हणून सरावात परिचारिकेने मुद्दाम विचारावे, “टोक चादरीला लागले, आता?” क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारा चिमटा) लगेच बंद करायचा, द्राव आत सोडायचा नाही आणि केंद्राला फोन करायचा, हे उत्तर न अडखळता आले पाहिजे. तेथे ट्रान्सफर सेट (कॅथेटरला बाहेरून जोडलेली छोटी नळी) बदलतात; द्राव आत गेला असेल तर प्रतिबंधक अँटिबायोटिक देतात. रागावण्याची भीती वाटली की पालक अशी चूक लपवतात आणि मौल्यवान तास वाया जातात, म्हणून चूक कळवणाऱ्याला दोष न देता तिची दखल घेणे ही प्रशिक्षकाचीच जबाबदारी आहे.

बाहेर आलेल्या द्रावाची पिशवी छापील कागदावर ठेवून पाहावी. अक्षरे धूसर दिसली, तर तापाची वाट न पाहता तीच पिशवी घेऊन रुग्णालयात यावे. किमान दोन तास पोटात राहिलेल्या द्रावात दर मायक्रोलिटरला 100 हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असणे, हे पेरिटोनायटिसचे महत्त्वाचे लक्षण होय. कॅथेटर बाहेर येते तेथील त्वचा रोज स्वच्छ करावी, केंद्राने दिलेले अँटिबायोटिक मलम लावावे आणि नळी ओढली जाणार नाही अशी चिकटपट्टीने बसवावी. विहिरीत किंवा नदीत पोहणे बंद, आणि बद्धकोष्ठतेकडेही लक्ष हवे.

अमेरिकेत 2011 मध्ये सुरू झालेल्या स्कोप उपक्रमात बालरुग्णालयांनी कॅथेटर बसवणे, प्रशिक्षण आणि पाठपुरावा यांची पद्धत एकसारखी केली. तीन वर्षांत पेरिटोनायटिसचे प्रमाण दर रुग्ण-वर्षामागे 0.63 वरून 0.42 पर्यंत खाली आले. त्यातील पाठपुराव्याचा भाग आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहतो. काही महिन्यांत सवयी सैल होतात, म्हणून ठरावीक काळाने, प्रत्येक पेरिटोनायटिसनंतर आणि सांभाळणारी व्यक्ती बदलल्यावर, संपूर्ण प्रक्रिया पुन्हा करून दाखवायला सांगावी. त्या वेळी परिचारिकेने मध्ये न बोलता फक्त पाहावे, सुटलेली पायरी नोंदवावी आणि तेवढाच भाग त्याच दिवशी पुन्हा शिकवावा.