तालांव भरला, तरी लायसन्स सुटत नाही: निलंबनानंतरचं रिफ्रेशर प्रशिक्षण कसं पूर्ण करायचं

तालांव, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्याचं दंडाचं चलन, मिळाला की गोव्यात बहुतेकजण हजार रुपये भरतात, पावती डिकीत टाकतात आणि विषय मिटला असं धरून चालतात. सीटबेल्टच्या तालांवाचं सहसा तसं होतंही. पण हेल्मेट, तिघे बसणं, वेग, सिग्नल, हातातला मोबाईल किंवा दारू यांपैकी काही असेल, तर दंडाने अर्धंच काम होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम २०० स्पष्ट सांगतं, की दंड भरून तडजोड केली तरी लायसन्सवरची कारवाई आणि रिफ्रेशर प्रशिक्षणाचं, म्हणजे गाडी चालवण्याच्या उजळणी वर्गाचं, बंधन सुटत नाही. शिवाय भरलेला तालांव पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो. पुढच्या वेळी तोच महागात पडतो.

म्हणून रकमेच्या आधी तालांवावरचं कलम वाचा. १८३ म्हणजे वेग. १८४ म्हणजे धोकादायक चालवणं, आणि लाल सिग्नल तोडणं, हातात फोन धरणं, उलट दिशेने येणं हे सगळं त्यातच मोडतं. १८५ दारूसाठी, १८९ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी, १९० धोकादायक स्थितीतल्या वाहनासाठी. १९४-सी तिघे बसल्याबद्दल, १९४-डी हेल्मेटबद्दल, १९४-ई रुग्णवाहिकेला वाट न दिल्याबद्दल. या आठांपैकी एक असेल तर कलम २०६ नुसार अधिकारी लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. बदल्यात मिळालेली पोच जपून ठेवा, पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

मोबाईलवर चलनाचा मेसेज आला असेल तर त्यातली लिंक उघडू नका. सोबत ॲपची फाईल आली असेल तर ती नक्कीच फसवणूक आहे. ती बसवली की बँकेचे ओटीपी चोरांच्या हाती जातात. ई-चलन परिवहनचं संकेतस्थळ स्वतः टाईप करून उघडा, पत्ता शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असाच असला पाहिजे, आणि गाडीच्या नंबरावरून चलन शोधा. फोटो मोठा करून नंबरप्लेट, रंग, मॉडेल, वेळ आणि जागा ताडून बघा. नंबर चुकून दुसऱ्याचा वाचला गेला असेल, तर पैसे भरण्याआधी तक्रार नोंदवा. पैसे भरणं म्हणजे गुन्हा मान्य करणं.

विकलेल्या गाडीचं चलन जुन्या मालकाकडे येतं, कारण नोंदणी अजून त्याच्याच नावावर असते. अशा वेळी फॉर्म २९ आणि ३० ची प्रत लागते. गाडी भाच्याने किंवा मित्राने चालवली असेल, तर चालक कोण होता हे सांगायची कायदेशीर जबाबदारी मालकावर आहे, आणि लायसन्सवरची कारवाई चालवणाऱ्यावर व्हायला हवी. गप्प बसलात तर दुसऱ्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येईल.

यानंतर वाहतूक खात्याची नोटीस येते. गोव्यात परवाना अधिकारी म्हणजे साहाय्यक वाहतूक संचालक. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली अशी त्यांची कार्यालयं आहेत. नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. तिथे अजून जुनं घर असेल तर ती तुमच्या हाती लागतच नाही आणि तुमचं न ऐकताच आदेश निघू शकतो. तालांव झाल्या आठवड्यातच सारथी या लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन पत्ता आणि मोबाईल नंबर तपासा.

सुनावणीला लेखी उत्तर घेऊन जा. एक पान पुरतं: काय घडलं, कुठे, कधी, आणि तुमच्याकडे काय पुरावा आहे. अधिकारी तुम्हाला मोकळं करू शकतात किंवा पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकतात, म्हणजे तेवढा काळ लायसन्स निलंबित. दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला तर लायसन्स रद्दच होतं. आदेश चुकीचा वाटला तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. आदेश निघाल्यावर लायसन्स लगेच जमा करा आणि तारखेची पोच घ्या. त्या तीन महिन्यांत ‘इथेच कोपऱ्यावर’ म्हणूनसुद्धा स्कूटर काढू नका. अपात्र असताना चालवल्यास कलम १८२ खाली दहा हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, ते वेगळंच. कदंबच्या बसने जा, पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सी करा, घरच्या कुणाला तरी सोडायला सांगा.

आता प्रशिक्षण. इंटरनेटवर ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्स’ शोधलात तर आधी अमेरिकेची पानं येतात. टेक्सासमध्ये सहा तासांचा कोर्स ऑनलाइन करून काही तिकिटं, म्हणजे तिथले तालांव, रद्द करून घेता येतात. न्यूयॉर्कमध्ये तिकीट तसंच राहतं, फक्त लायसन्सवर चढलेल्या दंडगुणांतून चार गुणांपर्यंतचा हिशेब कमी होतो. हे कायदे तिथले आहेत. त्या प्रमाणपत्राला इथे कागदाइतकीही किंमत नाही, त्यावर डॉलर घालवू नका. आपल्या कायद्यात कलम १९ नुसार रिफ्रेशर प्रशिक्षण कलम १२ खाली परवाना असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेतच करावं लागतं. ते यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच जमा केलेलं लायसन्स परत मिळतं.

आदेश ज्या कार्यालयाने काढला, तिथेच विचारा: कोणती स्कूल चालेल, किती तास, आणि वर्गाचा काही भाग ऑनलाइन चालतो का. उत्तर शक्यतो लेखी घ्या, निदान त्या टेबलावरच्या माणसाचं पद आणि तारीख लिहून ठेवा. मग स्कूलमध्ये भिंतीवरचा परवाना बघा, मुदत उलटून गेलेली नाही ना. हे न विचारता पैसे भरणारे बरेचजण दोनदा फी भरतात.

ऑनलाइन भाग असेल तर नोंदणीत नाव लायसन्सवर आहे तसंच्या तसं घाला. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त आद्याक्षर, एवढ्यावरून प्रमाणपत्र परत येऊ शकतं. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. प्रमाणपत्र मिळताच पीडीएफ उतरवून घ्या आणि त्यावर तुमचं नाव, लायसन्स नंबर, तारखा, स्कूलचा परवाना क्रमांक, सही आणि शिक्का आहे की नाही ते तिथल्या तिथे तपासा.

वर्गात नुसते बसून राहू नका. एवढं तरी मनाशी पक्कं करून या. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर १७ मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या डांबरावर साधारण २० मीटर, ओल्यावर ३५ च्या आसपास. ओल्या रस्त्यावर एकूण ५० मीटरहून जास्त लागतात, म्हणजे कदंबच्या चार बसगाड्या एकामागे एक लावल्या तरी त्याहून जास्त. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा: ती एखाद्या खांबापाशी पोचली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. तुम्ही त्याआधीच खांबाशी आलात तर फार जवळ आहात. पावसात हेच सहा सेकंद करा.

पहिला पाऊस मुसळधार पावसापेक्षा वाईट. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि तांबडी माती पाण्यावर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. खनिज वाहतुकीच्या धारबांदोडा-उसगाव भागात तर जास्तच. पावसाळ्याच्या रात्री गुरं रस्त्यावर येऊन बसतात, कारण डांबर आजूबाजूच्या चिखलापेक्षा कोरडं असतं. काळी म्हैस हेडलाइटच्या टप्प्यात येईपर्यंत दिसत नाही, म्हणून समोर जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवा. चोर्ला आणि अनमोड घाटात धुकं आलं तर लाइट डिप ठेवा, अपर लावला की धुकं पांढऱ्या भिंतीसारखं डोळ्यांसमोर उभं राहतं. किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यांवर भाड्याच्या स्कूटरवरचा पर्यटक मॅप बघत अचानक वळेल, असं धरूनच मागे चला. आणि माडांच्या वाटेने आतून येणारा घरचा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो तिथे हॉर्न नव्हे, ब्रेकवर पाय.

मुदत संपल्यावर आदेशाची प्रत, जमा केल्याची पोच, दंडाची पावती आणि मूळ प्रमाणपत्र घेऊन कार्यालयात जा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स ठेवा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात जाऊ नका, टेबलं रिकामी असतात. लायसन्स हातात मिळालं तरी लगेच गाडीला चावी लावू नका. आधी सारथीवर नंबर घालून निलंबनाची नोंद उठली आहे का ते बघा. संगणकावर ती तशीच राहिली असेल तर पुढच्या नाक्यावर पोलिसाच्या यंत्रात तुम्ही अजून निलंबितच दिसाल, आणि तिथे हातातलं लायसन्स दाखवून वाद घालण्यापेक्षा त्याच दिवशी कार्यालयात परत जाऊन नोंद दुरुस्त करून घेतलेली बरी.