दुपट्याला क्रोशाची किनार घालण्याआधी

लेकराच्या दुपट्याला क्रोशाची किनार घालायची तर आधी कापड धुवा. शिवायच्या आधी, कापायच्याही आधी. नेमकं हेच राहून जातं, म्हणून पहिलं तेच सांगते. खादी नांदेडची असो की उदगीरची, कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं. क्रोशाचा मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चकचकीत केलेला सुती दोरा त्या मानाने फारसा आटत नाही. मग कापड आखडतं, किनार तेवढीच राहते आणि चारही बाजूंनी झालर उठते. ती इस्त्रीने बसत नाही, उसवावीच लागते. तेव्हा कापड रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, खळ निघू द्या, धुऊन वाळवा, इस्त्री करा आणि मगच कात्री लावा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात या दोन बादल्या जिवावर येतात खऱ्या. तेच पाणी झाडांना घाला, पण धुणं टाळू नका.

दोरा एकाच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला, आणि पुरेसा घ्या. लाल किंवा मरून असेल तर वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबून ठेवा. चिंधीला रंग लागला तर तो दोरा दुपट्याला नको. क्रोशाची आकडेवाली सुई स्टीलची, १.२५ किंवा १.५ मिलिमीटर. मणी, मोती, साखळ्यांच्या लांब कमानी तान्ह्याच्या वस्तूला घालायच्याच नाहीत. कमानीत बोटं अडकतात, मणी तुटून तोंडात जातो. कितीही हौस असली तरी नाही.

कापड धुतलं ना? मग काठ बारीक दुमडून शिवा, पेन्सिलीने अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरवर खुणा करा आणि त्यांवर ब्लँकेट टाका, म्हणजे काठाला धरून जाणारा फाशांचा टाका घाला. अंदाजाने घातलेले टाके कुठे दाट, कुठे विरळ पडतात आणि पुढची मोजणी जुळत नाही. त्या टाक्यांत क्रोशाची पहिली ओळ सिंगल क्रोशेची, म्हणजे आखूड साध्या टाक्यांची, कोपऱ्यात एकाच घरात तीन टाके. कमी घातले की कोपरा आत वळतो. पाच खांबांचा, म्हणजे एकाच घरात घातलेल्या पाच उंच टाक्यांचा शिंपला करायचा असेल तर त्याच्या दोन्हीकडे दोन-दोन टाके सोडावे लागतात. शिंपल्याचं एक घर, सोडलेले चार आणि दोन शिंपल्यांमधला एक सिंगल क्रोशे, म्हणजे एक नक्षी सहा टाक्यांची. प्रत्येक बाजूला सहाच्या पटीत अधिक एक टाका हवा. कमी पडला तर पहिल्याच ओळीत बाजूच्या मध्यावर वाढवा, कोपऱ्यात नको.

काठ आत ओढला गेला तर टाके कमी झालेत, लाटा आल्या तर जास्त. तिथल्या तिथे उसवा. पण न धुतलेल्या कापडावर ही पारख फसते. आज सपाट दिसेल, पहिल्या धुण्यात लाटा येतील. म्हणून परत सांगते, धुतलेलंच कापड घ्या.

शेवटी १५ सेंटीमीटर दोरा ठेवून कापा, शिवणाच्या सुईने टाक्यांतून उलटसुलट तीनदा ओवा. नुसती गाठ सुटते. दुपटं सपाट पसरून पाणी शिंपडा, न गंजणाऱ्या टाचण्या मोजून लावा, वाळू द्या. तितक्याच टाचण्या परत निघाल्या की दुपटं बाळंतविड्यात ठेवा.