बाईकला स्पार्क प्लग कुठला घ्यायचा? घेताना हे बघा

सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि त्यात प्लगचा जो नंबर दिलाय तो लिहून घ्या. जुना प्लग काढून त्यावरचा नंबर बघून तसाच आणू नका, कारण आधी कुणी चुकीचा बसवला असेल तर तीच चूक पुढे चालू राहते, सेकंडहँड गाडीत तर खासच.

मग तो नंबर वाचायचा, अवघड नाहीये. समजा एनजीके कंपनीचा सीपीआर८ईए-९ आहे, तर सी म्हणजे आटे १० मिमी व्यासाचे आणि पाना १६ चा, आर म्हणजे आत रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग), ८ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी आणि शेवटचा ९ म्हणजे गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर, ०.९ मिमी.

यात लांबीला सगळ्यात जास्त जपा! लांब प्लग पिस्टनला नाहीतर व्हॉल्व्हला लागला की इंजिनच उघडावं लागतं. आखूड बसवला तर गाडी चालते म्हणून पत्ताच लागत नाही, पण हेडमधले (इंजिनचा वरचा भाग, प्लग ज्यात बसतो तो) खालचे आटे उघडे पडतात, त्यात कार्बन धरतो आणि नंतर बरोबर लांबीचा प्लग लावायला गेलं की शेवटच्या दोन-तीन आट्यांत करकर करत अडकतो. माझ्या गाडीत हे झालंय, तिथे जोर केला असता तर ॲल्युमिनियमचे आटेच गेले असते.

हीट रेंज म्हणजे प्लग स्वतःची उष्णता हेडकडे किती पटकन सोडतो. फार थंड प्लगवर काजळी साचते, फार गरम असला तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, म्हणून कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नका, कंपनीचा चार्ट बघा. जुना प्लग कोरडा काळा निघाला तर आधी एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर तपासा, गरम प्लग लावून तो दोष झाकू नका.

इरिडियम जास्त टिकतो एवढं खरं, पण ताकद वाढेल म्हणून घेऊ नका. त्याचं मधलं टोक फार बारीक असतं, गॅप मोजताना त्याला धक्का लागू देऊ नका.

बसवताना इंजिन थंड हवं. प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवा, मग पाना. १० मिमीच्या प्लगला १० ते १२ न्यूटन मीटर पुरतात.