शोरूममध्ये जाण्यापूर्वीची तयारी: इंधन महाग असताना नवी गाडी निवडताना

मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली ती २०२१ च्या मे महिन्यात. पुढे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क आणि राज्याने मूल्यवर्धित कर कमी केला, तरी दर तीन आकडी राहिला तो राहिलाच. साहजिकच नवी गाडी घेताना ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आधी येतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. त्याआधी आपले महिन्याचे फिरणे किती, हे कागदावर मांडावे, कारण पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) की वीज याचा निर्णय बहुतांशी त्या एका आकड्यावर ठरतो.

हा आकडा अंदाजाने सांगू नये. अंदाज सांगताना माणूस गणपतीत कोकणात केलेली फेरी धरून बोलतो आणि आठवड्याचे पाच दिवस गाडी पार्किंगमध्ये उभी असते ते विसरतो. घरात जुनी गाडी असेल तर सर्व्हिसिंगची शेवटची दोन बिले काढावीत. दोन्हींवर मीटरचे रीडिंग लिहिलेले असते. त्यांतील फरकाला मधल्या महिन्यांनी भागले की काम झाले. पहिलीच गाडी असेल तर कार्यालयाचे अंतर, गाडीने जाण्याचे खरे दिवस आणि वर्षातून गावी होणाऱ्या खेपा एवढे धरावे. त्यांतील शहरातले किती आणि महामार्गावरचे किती, हेही शेजारी लिहून ठेवावे.

त्यानंतर किलोमीटरमागे येणारा खर्च काढावा. जाहिरातीतील ॲव्हरेज यासाठी उपयोगाचे नाही. पुण्याची एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था जो आकडा प्रमाणित करते तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरावीक वेगक्रमाने मिळालेला असतो. त्यात कर्वे रस्त्यावरची सायंकाळ नसते, खंबाटकीचा चढही नसतो. दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता तो ठीक आहे. खिशाचा हिशेब करायचा असेल तर तीच गाडी वापरणाऱ्या दोघा-तिघांना गाठावे आणि टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल या पद्धतीने त्यांना काय मिळते ते विचारावे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र आहे आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून काही वर्षांपूर्वीचे अनुभव जसेच्या तसे धरू नयेत. दरही आपल्याच गावचा घ्यावा: परभणीसारख्या, इंधनसाठ्यापासून दूर असलेल्या ठिकाणी टँकरची वाहतूक दरात चढते आणि मुंबईचा हिशेब तिथे लागू होत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरात मिळणारे ॲव्हरेज १६ धरले, तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. तीच गाडी सीएनजीवर किलोला २४ किलोमीटर जात असेल आणि गॅस ९० रुपये किलो असेल, तर खर्च पावणेचार रुपये होतो. किलोमीटरमागे बचत पावणेतीन रुपयांची. सीएनजी मॉडेलसाठी ९५ हजार रुपये जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला सुमारे साडेचौतीस हजार किलोमीटर धावावे लागेल. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे हे पैसे दोन वर्षांच्या आत सुटतात. पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याला पावणेसहा वर्षे लागतात, आणि तोपर्यंत कित्येक जण गाडी बदलण्याच्या विचारात असतात. कमी फिरणाऱ्याने साधी, लहान पेट्रोल गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून निर्धास्तपणे पेट्रोल भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सेल्समन हे सांगणार नाही.

ज्यांचे फिरणे खरोखर जास्त आहे त्यांनी सीएनजीची पाहणी सावकाश करावी. आपल्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे आणि सकाळी नऊच्या सुमारास तिथे रिक्षांची रांग किती असते, हे प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. ६० लिटरच्या टाकीत साधारण आठ-नऊ किलोच गॅस मावतो. पंपावर दाब कमी असला तर तेवढाही भरत नाही, त्यामुळे रांगेत वरचेवर उभे राहावे लागते. डिकी उघडून पाहणे तर आवश्यकच आहे. एकच मोठी टाकी असलेल्या लहान गाडीत एक मध्यम बॅगसुद्धा आडवी राहत नाही, आणि स्टेपनी टाकीखाली असेल तर पंक्चर झाल्यावर हात कसा घालणार हे शोरूममध्येच करून दाखवायला सांगावे. अलीकडे टाटा आणि ह्युंदाईच्या काही मॉडेलांमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवलेल्या असतात. सामान नेणाऱ्या कुटुंबाला त्या सोयीच्या. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, तो खर्चही हिशेबात धरावा. बाहेरून किट बसवायचे असेल तर वॉरंटीचे काय होते, ते लेखी घ्यावे.

डिझेलबद्दल थोडक्यात सांगता येईल. बीएस ६ या सध्याच्या प्रदूषण-निकषाच्या डिझेल गाडीतील काजळीचा फिल्टर साफ होण्यासाठी इंजिन बराच वेळ तापून चालावे लागते. रोज चार किलोमीटर जाऊन परत येणाऱ्यांना तो तापदायक ठरतो. मोठी गाडी आणि महामार्गावरचे सलग फिरणे असेल तरच डिझेल. स्ट्राँग हायब्रिडचे, म्हणजे काही अंतर नुसत्या बॅटरीवरही जाऊ शकणाऱ्या हायब्रिडचे, नेमके उलटे आहे: ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठत असल्याने तिचा खरा फायदा शहराच्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत होतो, मोकळ्या द्रुतगती मार्गावर तो घटतो.

विजेची गाडी मनात असेल तर तयारी शोरूमपासून न करता पार्किंगपासून करावी. आपल्या जागेपर्यंत मीटरमधून स्वतंत्र वायर येते का, १५ अँपिअरचा पॉइंट आणि चांगले अर्थिंग मिळते का, सोसायटीची लेखी परवानगी आहे का, ही तीन उत्तरे हातात आल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरू नये. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने, केवळ सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर, तूर्त या वाटेला जाऊ नये.

किमतीत कराचा भाग मोठा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीवर, तसेच तेवढ्याच लांबीच्या १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के आणि विजेच्या गाड्यांवर ५ टक्के. महाराष्ट्रातील रस्ता करही इंधनानुसार बदलतो: डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त, सीएनजीला कमी. म्हणून तुलना नेहमी ऑन-रोड, म्हणजे कर, नोंदणी आणि विमा धरून होणाऱ्या किमतींची करावी आणि कोटेशन ओळीओळीने वाचावे. ‘हँडलिंग’ किंवा ‘एसेन्शियल किट’ अशा नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगावी. विमा डीलरकडूनच घेण्याचे बंधन नाही. त्याच कव्हरचे बाहेरचे दोन दर आधी मागवून ठेवले की डीलरचा आकडाही बहुधा खाली येतो.

टेस्ट ड्राइव्हला घरातील सर्व मंडळींना न्यावे, विशेषतः गुडघे दुखणाऱ्या आजींना, आणि एसी लावून पूर्ण भरलेली गाडी एखाद्या चढावर थांबवून पुन्हा उचलून पाहावी. लहान इंजिनाची दमछाक तिथेच कळते. वरच्या व्हेरियंटमधील मोठ्या चाकांचा मोह टाळावा. टायर महाग पडतात आणि ॲव्हरेजही थोडे खाली येते. एअरबॅग आणि क्रॅश चाचणीचे तारे यांत मात्र काटकसर करू नये.

शेवटची पाहणी पासिंग होण्यापूर्वी, डीलरच्या यार्डात आणि दिवसाउजेडी करावी. चॅसी नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारावे, टायरवरचे आठवडा आणि वर्ष दाखवणारे चार अंक वाचावेत, मीटरचे रीडिंग पाहावे, रंगातील फरक दारांच्या कडांवर तपासावा. गाडी सहा-आठ महिने यार्डात उभी असेल तर दुसरी मागावी किंवा किंमत कमी करून घ्यावी; एकदा आपल्या नावावर नोंदणी झाली की दोन्ही गोष्टी जवळजवळ अशक्य होतात.