शीआनची लियांगपी: कुरडईचा चीक, थाळीत वाफवलेला

नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं चीनमधल्या शीआनला होते. पहिल्याच उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी एक बाई पांढुरक्या, लवलवत्या चकत्यांच्या पट्ट्या कापत होती, आणि मला आईच्या हातचा कुरडईचा चीक आठवला. निघाला तो चीकच. शान्शी प्रांतातली ही लियांगपी. 'लियांग' म्हणजे गार, आणि खायचीही गारच.

दोघांसाठी 300 ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, साधारण 150 मिली पाणी. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळून अर्धा तास झाका. मग परातीत पाणी घेऊन गोळा त्यात चोळा, अगदी रुमाल धुतो तसा. पाणी दुधासारखं झालं की मोठ्या पातेल्यात गाळा, नवं घ्या. चार-पाच पाण्यांत हाताशी रबरासारखा पिवळसर चोथा उरतो. तो टाकायचा नाही! चिमूटभर बेकिंग पावडर मळून 20 मिनिटं वाफवा. ढोकळ्यासारखी जाळी पडते आणि रस असा पितो, की मी आधी तेच तुकडे वेचून खाते.

पातेलं रात्रभर फ्रिजमध्ये. कुरडईसारखं आंबवणं नाही, नुसतं निवळायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओता. मी पहिल्यांदा दोन तासांतच ओतलं. निम्मा चीक मोरीत गेला, उरलेला थाळीत खळीसारखा लिबलिबीत राहिला. खाली बसलेला चीक ढवळून घावनाच्या पिठाइतका ठेवा.

सपाट बुडाच्या स्टीलच्या थाळीला तेलाचं बोट फिरवा, पळीभर चीक पसरा, थाळी रुंद पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर तरंगत सोडा आणि झाकण घाला. दोन-तीन मिनिटांत मोठाले फुगे येतात. लगेच थाळी गार पाण्यावर ठेवली की कडा आपसूक सुटतात. प्रत्येक चकतीला तेल लावूनच दुसरीवर ठेवा. आणि दर पळीआधी चीक ढवळा, तो तळाला बसायला टपलेलाच असतो.

खरा जीव तिखटाच्या तेलात. शान्शीच्या आठ विचित्र गोष्टी म्हणून तिकडे एक यादी सांगतात, तिच्यात 'तिखटाचं तेल हीच एक भाजी' हेही आहे. तिथली मिरची जाळ कमी, वास जास्त. म्हणून इथे ब्याडगी घ्या, लवंगी नको. तीन चमचे जाडसर तिखट, चमचाभर तीळ. वाटीभर तेल धूर येईतो तापवून मिनिटभर थांबा, मग तीन हप्त्यांत ओता. एकदम ओतलंत तर तिखट करपतं. वर थोडं व्हिनेगर, चर्र!

काळं व्हिनेगर मिळालं तर उत्तम. नाहीतर साध्यात थोडं पाणी, चक्रीफूल आणि बडीशेप घालून उकळा, गार करा. चार लसूण पाकळ्या मिठाबरोबर ठेचून अर्धी वाटी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा.

बोटभर रुंद पट्ट्या, काकडीचे लांब काप, उकळत्या पाण्यातून काढलेले मुगाचे लांब मोड, चोथ्याचे तुकडे. वर सगळं ओतून हातानेच कालवा. शीआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात पातळ केलेली तिळाची पेस्टही घालतात. माझ्या मुलाला तीच लागते.

तयार चकत्या मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, कडक होऊन तुटतात. त्याच दिवशी संपवा.